मूल्यं मोजायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कराड, सातारा या भागात मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडून हे प्रश्न दर वर्षी येतात. काही प्रश्न, ज्यांच्या दारात असा फॉर्म घेऊन कुणी उभं राहिलेलं असतं, त्यांचेही आहेत. सोयीसाठी सगळे एकत्र ठेवले आहेत.

मूल्यांच्या चाचणीत नेमकं काय मोजतात?

माणूस कशाकशाला महत्त्व देतो आणि त्यातही कशाला जास्त, कशाला कमी, हे. खरी गोम दुसऱ्या भागात आहे. पैसा, गावात पत, आईवडिलांचा मान, मोकळीक, देवधर्म, मौजमजा यांतलं काहीच नको म्हणणारा माणूस सापडायचा नाही. पंचाईत होते ती दोन हव्याशा गोष्टी एकदम मिळत नाहीत तेव्हा. विट्याकडच्या एखाद्या पोराला वडील म्हणतात, पोलीस भरतीची तयारी कर. चुलता म्हणतो, माझ्याबरोबर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला चल, काम शीक, पुढं स्वतःचं दुकान टाक. नोकरीत निर्धास्तपणा आहे, दुकानात स्वतःच्या मनाचं राज्य आहे. पोराला दोन्ही हवंय. तो कशासाठी काय सोडायला तयार होतो, तिथं त्याची मूल्यं दिसतात.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लाइड क्लकहोन यांनी १९५१ मध्ये मूल्याची जी व्याख्या केली तिचा रोख 'काय हवं आहे' यापेक्षा 'काय हवं असणं योग्य आहे' याकडे होता. पुढच्या बहुतेक चाचण्या याच पायावर उभ्या आहेत.

मत, स्वभाव आणि मूल्य यांत फरक काय?

मत एका ठरावीक गोष्टीबद्दल असतं: यंदाचा उसाचा दर, गावच्या जत्रेतला डीजे. स्वभाव म्हणजे माणूस सहसा कसा असतो: बोलका, घुमा, तापट. मूल्य म्हणजे त्याला काय साधायचं आहे, आणि ते घर, शेत, नोकरी, राजकारण सगळीकडे त्याच्याबरोबर फिरतं. घुम्या माणसालाही सत्तेची ओढ असू शकते. आपल्याकडच्या सहकारी संस्थांत अशी उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही.

शाळेच्या परिपाठातली दहा मूल्यं आणि श्वार्ट्झची दहा मूल्यं एकच का?

नाही. बी.एड.चे विद्यार्थी इथं हमखास घसरतात, कारण आकडा दोन्हीकडे दहाच आहे.

महाराष्ट्रातल्या शाळांत मूल्यशिक्षणाची जी यादी भिंतीवर लावलेली असते तिच्यात वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, स्त्री-पुरुष समानता आणि वैज्ञानिक दृष्टिकोन आहेत. मुलांत काय रुजावं असं आपल्याला वाटतं, त्याची ही यादी.

शालोम श्वार्ट्झ हे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९९२ मध्ये २० देशांतल्या शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून जी दहा मूल्यं मांडली, त्यांत सत्ता आणि सुखोपभोगही आहेत. ही दोन कुठल्याही शाळेच्या भिंतीवर लागणार नाहीत, पण शाळेसमोरच्या रस्त्यावर दोन्ही भरपूर दिसतात. संशोधक मूल्यांना चांगली-वाईट ठरवत नाही. माणसांत काय आहे ते पाहतो. तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात 'मूल्यांचा ऱ्हास' हा शब्दप्रयोग असेल तर तो आधी काढा. ऱ्हास झाला म्हणायला पूर्वीचं मोजमाप लागतं आणि बहुतेकांकडे ते नसतं.

श्वार्ट्झची दहा मूल्यं आपल्या भाषेत कशी सांगायची?

पुस्तकी प्रतिशब्द वेगवेगळे सापडतील. तोंडी समजावताना आपल्या भागातली उदाहरणं द्यावीत.

स्वयंनिर्णय म्हणजे स्वतःच्या डोक्यानं ठरवणं आणि करणं, गलाईच्या दुकानाची ओढ ही त्यातली. नावीन्य आणि थराराची ओढ हे दुसरं. सुखोपभोग म्हणजे सरळ मौज. यशसिद्धी म्हणजे आपली कुवत लोकांना दिसेल असं काही करून दाखवणं. सत्ता म्हणजे माणसांवर आणि साधनांवर ताबा. सोसायटीचं चेअरमनपद कशाला हवं असं विचारलं की बऱ्याचदा उत्तर यशसिद्धीचं मिळतं, पण मागे हे असतं. सुरक्षितता कळायला सोपी. अनुरूपता म्हणजे चारचौघांना दुखवणार नाही असं वागणं, मोठ्यांचा शब्द न मोडणं. परंपरा म्हणजे घरची वारी, कुळाचार, फलटणवरून माउलींची पालखी जाते तेव्हा कामधंदा बाजूला ठेवणं.

उरली दोन, आणि त्यांत घोळ होतो. आपल्या माणसांचं हित वेगळं आणि सगळ्यांचं हित वेगळं. भावकीतल्या शेजाऱ्याच्या भांगलणीला पैऱ्यानं जाणं पहिल्यात बसतं. आटपाडीकडे पाण्याचं समन्यायी वाटप मागितलं गेलं, म्हणजे जमीन कितीही असो, पाण्यावर प्रत्येकाचा हक्क, ती दृष्टी दुसऱ्यातली. एकच माणूस पहिल्यात फार वर आणि दुसऱ्यात फार खाली असू शकतो. म्हणून 'परोपकार' या एका शब्दात दोन्ही कोंबू नयेत.

ही मूल्यं वर्तुळात का काढतात?

कारण श्वार्ट्झ यांचा खरा दावा यादीचा नाही, मूल्यांच्या आपसातल्या नात्यांचा आहे. शेजारची मूल्यं एकत्र नांदतात, समोरासमोरची एकमेकांना ओढतात. यशसिद्धी आणि सत्ता एका बाजूला, त्यांच्या समोर आपल्यांचं आणि सगळ्यांचं हित. स्वयंनिर्णय आणि नावीन्य एका बाजूला, त्यांच्या समोर सुरक्षितता, अनुरूपता आणि परंपरा. सुखोपभोग हे नावीन्य आणि यशसिद्धी यांच्या मधे बसतं.

हे वर्तुळ कागदावर कल्पनेनं काढलेलं नाही. लोकांच्या उत्तरांमधले सहसंबंध घेऊन बहुमितीय मापन नावाच्या पद्धतीनं प्रत्येक विधानाचा बिंदू नकाशावर मांडला जातो. ज्यांची उत्तरं बरोबरीनं वर-खाली होतात ते बिंदू जवळ येतात. २०१२ मध्ये श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी याच वर्तुळाचे आणखी बारीक १९ भाग केले. सत्तेचे दोन झाले, माणसांवरची आणि साधनांवरची. लोकांतली अब्रू आणि विनम्रता यांना स्वतंत्र जागा मिळाली. आपल्याकडच्या अभ्यासाला ही अब्रू वेगळी मोजता येणं फार उपयोगाचं आहे.

चाचणी कोणती घ्यावी?

आधी प्रश्न ठरवा, मग चाचणी. पण हे कुणी ऐकत नाही, म्हणून चाचण्यांबद्दलच सांगतो.

सर्वांत जुनी नावाजलेली चाचणी ऑलपोर्ट आणि व्हर्नन यांची, १९३१ ची. जर्मन विचारवंत एडुआर्ड स्प्रांगर यांच्या सहा प्रकारांवर ती बेतलेली होती: सैद्धांतिक, आर्थिक, सौंदर्यविषयक, सामाजिक, राजकीय आणि धार्मिक. पुढं लिंडझे यांचं नाव जोडलं गेलं. भारतात तिच्या धर्तीवरच्या चाचण्या बरीच वर्षं वापरल्या गेल्या, आणि आपल्या कॉलेजांच्या लायब्ररीतल्या जुन्या प्रबंधांत ही सहा नावं दिसतात ती त्यामुळं.

मग मिल्टन रोकीच. त्यांची १९७३ ची पद्धत फार साधी दिसते. जीवनात गाठायच्या १८ गोष्टी आणि तिथपर्यंत जाण्याच्या १८ रीती अशा दोन याद्या, आणि प्रत्येक यादी महत्त्वानुसार पहिल्यापासून अठराव्यापर्यंत लावायची.

श्वार्ट्झ यांच्या चाचण्या दोन घराण्यांच्या. पहिल्या सर्वेक्षणात ५६ आणि नंतर ५७ मूल्यशब्द असतात. त्यांना उणे १ पासून ७ पर्यंत गुण द्यायचे. उणे १ म्हणजे 'हे माझ्या मूल्यांच्या विरुद्ध'. दुसऱ्या घराण्याला पोर्ट्रेट व्हॅल्यूज क्वेश्चनेअर, म्हणजे पीव्हीक्यू म्हणतात. त्यात एका माणसाचं एकदोन वाक्यांत वर्णन असतं आणि 'हा माणूस तुमच्यासारखा कितपत आहे?' एवढंच विचारतात. उत्तराच्या सहा पायऱ्या. मूल्य हा शब्द कुठंही येत नाही. याची ४० विधानांची, २१ विधानांची आणि १९ मूल्यांसाठी ५७ विधानांची अशी रूपं आहेत.

आता धोक्याची जागा. भारतात 'पीव्हीक्यू' या नावानं आणखी एक चाचणी चालते, जी. पी. शेरी आणि आर. पी. वर्मा यांची, आग्र्याहून छापील विकत मिळते. तिच्यातही दहाच मूल्यं आहेत, पण ती वेगळी: धार्मिक, सामाजिक, लोकशाहीविषयक, सौंदर्यविषयक, आर्थिक, ज्ञान, सुखवादी, सत्ता, कौटुंबिक प्रतिष्ठा आणि आरोग्य. सिद्धांताच्या प्रकरणात श्वार्ट्झचं वर्तुळ आणि साधनांच्या प्रकरणात शेरी-वर्मा, असा प्रबंध तोंडी परीक्षेत उघडा पडतो. दोन्ही चाचण्यांत सत्ता आहे म्हणून दोन्हीकडची सत्ता एकच, असं नसतं. शेरी-वर्मा यांच्या चाचणीची झेरॉक्स काढून वाटणं हा हक्कभंग आहे, हेही लक्षात असू द्या. श्वार्ट्झ यांनी आपल्या चाचण्यांचा संग्रह सूचनांसह २०२१ मध्ये नेटवर खुला केला आहे.

माझं मत विचाराल तर, जिल्ह्यातल्या मिश्र लोकांवर काम करायचं असेल तर श्वार्ट्झची पीव्हीक्यू, म्हणजे माणसांच्या वर्णनाची चाचणी घ्यावी. त्याचं कारण पुढच्या प्रश्नात आहे.

खेड्यातल्या, फार शाळा न शिकलेल्या लोकांवर या चाचण्या चालतात का?

मूल्यशब्दांची चाचणी तिथं अडखळली, आणि हे श्वार्ट्झ यांनीच नोंदवलं. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचा आफ्रिका, भारत, मलेशिया, विकसनशील देशांतली खेडी आणि अगदी कोवळ्या वयाची मुलं, अशा काही नमुन्यांत अपेक्षित वर्तुळ नीट उमटत नाही. प्रश्न असा होता की लोकांची मूल्यंच वेगळी, की चाचणीचीच भाषा जड? त्यासाठीच माणसांच्या वर्णनाची चाचणी तयार झाली, आणि तिच्यातून वर्तुळ बरंच स्पष्ट दिसलं.

जत किंवा माण तालुक्यातल्या बाईसमोर 'आंतरिक सुसंवाद' हा शब्द ठेवून त्याला सातपैकी किती गुण म्हणून विचारलं, तर ती तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. त्याऐवजी 'एक बाई आहे, तिला आपलं काम आपल्या पद्धतीनं करायला आवडतं, दुसऱ्यानं सांगितलेलं फारसं रुचत नाही; ती तुमच्यासारखी आहे का?' असं विचारलं की ती लगेच बोलते, बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त. (हे विधान मी उदाहरणासाठी रचलंय, चाचणीतलं नाही.)

वाचून दाखवताना काही पथ्यं पाळा. सहा पायऱ्या एकदम विचारू नका. आधी 'सारखी आहे की नाही' आणि मग 'किती' असं दोन टप्प्यांत विचारा, मात्र मग ते सगळ्यांना तसंच विचारा. पुरुषांसाठी आणि बायकांसाठी वेगळा फॉर्म ठेवा. मराठीत क्रियापदच लिंग सांगतं, त्यामुळं एका फॉर्मवर काम भागत नाही.

आणि सोप्यात बसून मुलाखत घेऊ नका. तिथं सासू ऐकत असते, दीर येऊन टेकतो, चहा येतो आणि नवरा म्हणतो, 'तिचं काय विचारताय, मी सांगतो की.' अशा बैठकीत अनुरूपता आणि परंपरा वर येणारच, आणि तो आकडा त्या बाईचा नसून त्या बैठकीचा असतो. मळ्यात, अंगणवाडीत, बचत गटाच्या बैठकीनंतर बाजूला, जिथं ती एकटी सापडेल तिथं विचारा.

माझ्याकडे सगळ्यांनी सगळ्यालाच 'फार महत्त्वाचं' म्हटलंय. आता काय?

ही सर्वांत जास्त येणारी अडचण, म्हणून सविस्तर.

काही शिक्षक सैल हातानं मार्क देतात, काही हात राखून. सैल हाताच्या सरांकडे ७५ मिळालेला विद्यार्थी आणि कडक सरांकडे ६५ मिळालेला, यांतला वर्गात पुढे कोण हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. मूल्यांच्या उत्तरांचं तसंच आहे. काही लोक सगळीकडेच पाच-सहा देतात, काही तीन-चारच्या वर जात नाहीत.

उपाय असा. प्रत्येक माणसाच्या सगळ्या विधानांवरच्या उत्तरांचं मध्यमान काढायचं. मग त्याच्या प्रत्येक मूल्याच्या गुणांतून ते वजा करायचं. समजा तासगावच्या एका बागायतदाराचं एकूण मध्यमान ५.५ आहे आणि स्वयंनिर्णयाचे गुण ५.२. मिरजेच्या एका परिचारिकेचं एकूण मध्यमान ३.८ आणि स्वयंनिर्णयाचे गुण ४.६. कच्च्या आकड्यांत बागायतदार वर दिसतो. वजाबाकी केल्यावर त्याचे उणे ०.३ होतात आणि तिचे अधिक ०.८. म्हणजे त्याच्या इतर मूल्यांच्या मानानं स्वयंनिर्णय मागे आहे, तिच्या बाबतीत पुढे. (हे दोघे काल्पनिक आहेत.) आपल्याला हवा होता तो क्रम आता दिसला. याला मध्यमान-केंद्रित गुण म्हणतात.

इथं दोन सावधगिरी. पहिली, वजा करायचं ते त्या माणसाचं स्वतःचं मध्यमान, गटाचं नव्हे. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅममध्ये गटाचं मध्यमान वजा करणं सोपं आहे म्हणून तेच केलेले प्रबंध मिळतात, त्यानं काहीच साधत नाही. दुसरी, असे केंद्रित गुण सगळीकडे वापरायचे नसतात. सहसंबंध काढताना किंवा दोन गटांची तुलना करताना ते वापरा. बहुमितीय मापन किंवा पुष्टीकारक घटक विश्लेषण (आधी मांडलेली रचना डेटात बसते का ते तपासणं) करताना मात्र कच्चे गुणच घ्या. बहुचल प्रतिगमनात, म्हणजे अनेक घटकांवरून एका गोष्टीचा अंदाज बांधताना, दहाही केंद्रित मूल्यं एकदम घालू नका. एक वर गेलं की दुसरी खाली जाणारच असा त्यांचा हिशेब बांधलेला असतो, आणि गणित कोलमडतं. नेहमीच्या घटक विश्लेषणाच्या वाटेला जाऊच नका. वर्तुळाकार रचना शोधायला ते बनलेलंच नाही, आणि गाईडनी सांगितलं म्हणून केलेल्या विश्लेषणातून निघालेले 'चार घटक' पुढं कुणालाच समजावता येत नाहीत.

ज्यांनी जवळपास सगळीकडे एकच आकडा भरला आहे, त्यांचे फॉर्म बाजूला काढावे लागतात. २१ विधानांच्या चाचणीत १६ पेक्षा जास्त ठिकाणी तेच उत्तर असेल तर तो फॉर्म वगळतात.

त्यापेक्षा क्रमच लावून घेतला तर?

रोकीच यांचं म्हणणं तेच होतं, आणि त्यांच्या बाजूनं बरंच बोलता येईल. क्रम लावताना माणसाला निवड करावीच लागते, पळवाट राहत नाही. पण अठरा गोष्टींचा क्रम लावून बघा. पहिल्या तीन आणि शेवटच्या तीन लोक विचार करून ठेवतात, मधल्या बारा हाताला येतील तशा पडतात. शिवाय एकाच माणसाला दोन गोष्टी खरोखर सारख्या वाटत असतील तर ते सांगायला जागाच नाही.

मधला मार्ग आहे. ज्युली ली आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये श्वार्ट्झच्या मूल्यांसाठी 'सर्वांत जास्त-सर्वांत कमी' अशी रीत आणली. छोट्या छोट्या संचांतून प्रत्येक वेळी सर्वांत महत्त्वाचं एक आणि सर्वांत कमी महत्त्वाचं एक एवढंच निवडायचं. कार्डं करून कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांनाही हे समजावता येतं.

रोनाल्ड इंगलहार्ट यांनी तर चारच पर्याय ठेवले होते: देशात सुव्यवस्था, कारभारात लोकांचा जास्त आवाज, वाढत्या किमतींना आळा आणि बोलण्याचं स्वातंत्र्य. यांतले पहिले दोन निवडा. त्यावरून माणूस पोटापाण्याच्या काळजीत आहे की त्यापुढच्या गोष्टींकडे वळलाय हे ते ठरवत. हे माप समाजातला बदल बघायला बरं आहे, पण एका माणसाची मूल्यं त्यातून वाचू नका.

विश्वसनीयतेचा आल्फा ०.५ आलाय. गाईड म्हणतात, विधानं काढून टाक.

काढू नका. आल्फा एकाच गोष्टीचे अनेक प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगतो. इथं एका मूल्याला दोन-तीनच विधानं असतात आणि ती मुद्दाम मूल्याच्या वेगवेगळ्या बाजू धरतात. परंपरेत देवधर्मही येतो आणि आहे त्यात समाधान मानणंही. सगळा वेळ देवळात घालवणारा माणूस समाधानी असतोच असं नाही. म्हणून छोट्या रूपात आल्फा ०.७ च्या खाली येणं नवलाचं नाही. जास्त विश्वसनीय आकडे हवे असतील तर ५७ विधानांचं रूप घ्या किंवा दहाऐवजी वर्तुळाच्या वर सांगितलेल्या चार बाजूंवर काम करा. गाईडशी वाद घालायचा असेल तर हे सगळं लिहून द्या, तोंडी घालू नका.

मराठी भाषांतर मीच केलं तर चालेल का?

एकट्यानं नाही. १९७० पासून रिचर्ड ब्रिस्लिन यांची उलट-भाषांतराची रीत रूढ आहे. एकानं मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं त्याचं परत इंग्रजी करायचं आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघायचं. पण एवढ्यावर थांबू नका. दहा-पंधरा लोकांना विधान वाचून दाखवून 'तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा' असं विचारा. उलट-भाषांतरात अगदी चोख उतरलेलं वाक्य कवठेमहांकाळच्या एसटी स्टँडवर कुणालाच कळत नाही, हे तिथंच समजतं.

लोक खरं सांगतात का? सगळे आपण किती चांगले हेच दाखवणार ना?

थोडं दाखवतात. १९९७ मध्ये श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. लोकमान्य दिसण्याच्या प्रवृत्तीचा मूल्यांशी संबंध आढळला, पण त्यांचं म्हणणं असं की तो नुसता मुलामा नाही. ज्याला समाजात मिळून-मिसळून राहणं खरंच महत्त्वाचं वाटतं, तोच चांगलं दिसायचा प्रयत्नही करतो. या प्रवृत्तीचे आकडे सरसकट वजा केलेत तर मूल्याचाच तुकडा फेकला जातो.

आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे संस्थेचं ब्रीद. रयत शिक्षण संस्थेचं 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य साताऱ्यात पोरापोराला पाठ आहे. वर्गात सर उभे असताना फॉर्म भरून घेतलात तर ब्रीदच परत मिळेल. फॉर्म वर्गाबाहेर भरून घ्या, नाव आणि हजेरी क्रमांक नको, आणि त्या वर्गाला शिकवणाऱ्यानं तो गोळा करू नये.

मूल्यांवरून माणूस कसा वागेल ते सांगता येतं का?

काही मूल्यांवरून बऱ्यापैकी, काहींवरून जेमतेम. अनत बार्डी आणि श्वार्ट्झ यांनी २००३ मध्ये मूल्यं आणि रोजचं वागणं ताडून पाहिलं. परंपरा आणि नावीन्य यांचा वागण्याशी घट्ट संबंध निघाला. अनुरूपता, सुरक्षितता, यशसिद्धी आणि आपल्या माणसांचं हित यांचा मात्र फिकट. त्यांनी दिलेलं एक कारण पटण्यासारखं आहे: ज्या वागण्याचा समाजाकडून रेटा असतो, ते मूल्य असो-नसो, सगळेच करतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा ज्यांनी होड्या ओढल्या, भाकरी बांधून पाठवल्या, त्यांतल्या प्रत्येकाचा आपल्यांच्या किंवा सगळ्यांच्या हिताचा गुण वरचा होता असं मानायचं कारण नाही. तेव्हा सगळे धावत होते. मूल्यातला फरक बघायचा तर पाणी ओसरल्यावर महिन्याभरानं कोण येत होतं ते बघावं लागलं असतं.

बायका आणि पुरुष यांच्या मूल्यांत मोठा फरक असतो ना?

असतो, मोठा नाही. श्वार्ट्झ आणि टॅमी रुबेल यांनी २००५ मध्ये ७० देशांतले १२७ नमुने तपासले. पुरुषांनी सत्ता, नावीन्य, सुखोपभोग, यशसिद्धी आणि स्वयंनिर्णय यांना थोडं जास्त महत्त्व दिलं, स्त्रियांनी आपल्यांच्या आणि सगळ्यांच्या हिताला. पण फरकाचा आकार लहान होता. दोन बायकांमधला किंवा दोन पुरुषांमधला फरक त्याहून सहज मोठा निघतो. 'लिंगनिहाय तुलना' एवढाच विषय घेऊन येणाऱ्यांना मी दुसरा विषय शोधायला सांगतो.

कॉलेजातल्या २०० मुलांवर अभ्यास करून 'सांगली जिल्ह्यातील युवकांची मूल्ये' असं शीर्षक देता येईल का?

नाही. शिराळा आणि जत एकाच जिल्ह्यात आहेत, पण एकीकडे पावसाचा कंटाळा येतो आणि दुसरीकडे टँकरची वाट बघतात. विश्रामबागच्या कॉलेजात फी भरून आलेली मुलं त्यांतल्या कुणाचीच प्रतिनिधी नाहीत. शीर्षकात नमुना जसा आहे तसा सांगा. श्वार्ट्झ यांनीही सुरुवातीला शिक्षक निवडले ते मुद्दाम, समाजाची मूल्यं पुढं पोचवणारा गट म्हणून. निवडीमागे असं कारण असेल तर मर्यादित नमुनाही चालतो.

लग्न जुळवताना किंवा नोकरीला माणूस घेताना ही चाचणी वापरावी का?

नको. ज्या क्षणी उत्तरावर काही अवलंबून असतं, त्या क्षणी उत्तर बदलतं.

लहान मुलांवर?

जर्मनीत डोरिंग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये चित्रांची चाचणी मांडली, दहा मूल्यांसाठी २० चित्रं. आपल्याकडे वापरायची तर चित्रं पुन्हा काढून घ्यावी लागतील. पालकांची लेखी संमती आधी घ्या.

देशांच्या मूल्यांचे नकाशे असतात, त्यावरून भारतीय माणसाबद्दल काही म्हणता येतं का?

देशाबद्दल म्हणता येईल, माणसाबद्दल नाही. गीर्ट हॉफस्टेडे यांनी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून काढलेली परिमाणं देशांच्या सरासरींची आहेत. ती घेऊन इस्लामपूरच्या एका दुकानदाराला 'समूहवादी' ठरवणं ही पातळीची गल्लत झाली, आणि ती छापील शोधनिबंधांतही सर्रास दिसते.

स्वतःचा डेटा गोळा करायच्या आधी सराव कशावर करू?

युरोपियन सोशल सर्व्हेचा डेटा नोंदणी केली की फुकट उतरवून घेता येतो. २००२ पासून त्यात श्वार्ट्झची २१ विधानं आहेत. भारत त्यात नाही. भारत हवा असेल तर वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे घ्या. २००५ ते २०१४ या काळातल्या दोन फेऱ्यांत श्वार्ट्झची दहा विधानं विचारली गेली आहेत, पण एका मूल्याला एकच विधान असल्यानं तिथं आल्फाचा प्रश्नच येत नाही. युरोपियन डेटात १ म्हणजे 'अगदी माझ्यासारखा' आणि ६ म्हणजे 'मुळीच माझ्यासारखा नाही'. आकडे आधी उलटे करून घ्या, मगच मध्यमान काढा, नाहीतर सगळा देश सत्तेच्या मागे लागलेला दिसेल.